वाचक विचारतात : टॅबवर पायथॉन, पण चित्र उघडेना

(उत्तरांत कोडचे शब्द उच्चाराप्रमाणे दिले आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं वापरा.)

प्रश्न : मुलगा अँड्रॉइड टॅबवर पायड्रॉइड ३ मध्ये (पायथॉन लिहिण्याचं अ‍ॅप) पायगेमचा (खेळ बनवण्याची पायथॉन लायब्ररी) खेळ लिहितो आहे. हाच कोड लॅपटॉपवर चालतो, टॅबवर मात्र ‘फाइल नॉट फाउंड’ येतं. चित्र तर कोडच्या शेजारीच ठेवलंय!
– एक वाचक, सांगली

उत्तर : ‘पक्षी डॉट पीएनजी’ एवढंच नाव दिलं, तर पायथॉन ते चित्र कोडच्या फोल्डरमध्ये शोधत नाही, ‘वर्किंग डिरेक्टरी’त, म्हणजे प्रोग्राम ज्या फोल्डरमधून चालू आहे त्यात, शोधतो. लॅपटॉपवर हे दोन्ही फोल्डर बहुधा एकच निघतात, म्हणून चूक झाकली जाते. टॅबवर तसं असेलच असं नाही. ‘ओएस डॉट गेट-सीडब्ल्यूडी’ प्रिंट करून कोणता फोल्डर येतो ते पाहा. पायगेम २ च्या एररमध्ये तर हा पत्ता छापूनच येतो, पण लाल अक्षरं दिसली की पुढचं कुणी वाचत नाही.

पक्का उपाय असा : पाथलिबमधून (फाइलींचे पत्ते हाताळणारी पायथॉनची लायब्ररी) ‘पाथ’ घ्या, त्याला ‘फाइल’ हे व्हेरिएबल द्या (दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर), पुढे ‘रिझॉल्व्ह’ आणि ‘पेरेंट’ लावा. कोडचा फोल्डर हाती येतो. त्याला तिरकी रेघ (स्लॅश) देऊन चित्राचं नाव जोडा. त्याआधी कोड चित्राच्याच फोल्डरमध्ये सेव्ह करा. सेव्ह न करता रन केलात तर हा उपायही फसतो.

तरीही अडलं, तर ‘ओएस डॉट लिस्टडिर’ने त्या फोल्डरची यादी छापा. डाउनलोड करताना ‘पक्षी’चं ‘पक्षी (१)’ झालेलं असतं, किंवा ‘पीएनजी’च्या मागे आणखी ‘वेबपी’ (चित्राचा वेगळा प्रकार) चिकटलेलं असतं. लॅपटॉपवरच्या कोडमध्ये उलटी रेघ (बॅकस्लॅश) असेल तर तीही बदला. ‘चित्रे’ फोल्डरमधल्या ‘नदी’साठी उलटी रेघ आणि लगेच ‘एन’ लिहिलं की पायथॉन ती नवी ओळ समजतो. बिचारी नदी सापडणार कशी?

प्रश्न : फाइल मॅनेजरमध्ये फोटो दिसतो, पत्ताही बरोबर आहे, पण ‘परमिशन डिनाइड’ येतं.
– एक वाचक, पणजी

उत्तर : अँड्रॉइड ११ पासून (२०२०) अ‍ॅपांना सामाईक स्टोरेज सरसकट खुलं नसतं. सेटिंग्जमध्ये ‘स्पेशल अ‍ॅप अ‍ॅक्सेस’, त्यात ‘ऑल फाइल्स अ‍ॅक्सेस’ उघडा आणि तुमचं पायथॉन अ‍ॅप तिथे असेल तर परवानगी द्या. टर्मक्स (कमांड टाइप करण्याचं अ‍ॅप) वापरत असाल तर ‘टर्मक्स-सेटअप-स्टोरेज’ ही कमांड एकदा चालवून येणाऱ्या खिडकीत होकार द्या. ‘अँड्रॉइड/डेटा’ या अ‍ॅपांच्या खासगी फोल्डरच्या नादी लागू नका. तिथला फोटो ‘पिक्चर्स’मध्ये कॉपी करा.

प्रश्न : टीकिंटरमध्ये (पायथॉनची खिडक्या-बटणं बनवणारी लायब्ररी) पीएनजी दिसतं, जेपीजी दिसत नाही. एक्स्टेन्शन बदलूनही उपयोग झाला नाही.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : होणारच नाही. नाव बदललं म्हणून आतला मजकूर बदलत नाही. टीकिंटरचं ‘फोटोइमेज’ जिफ, पीएनजी आणि पीपीएम-पीजीएम वाचतं, जेपीजी नाही. पायड्रॉइडच्या पिप मेनूतून (लायब्ररी टाकण्याची जागा) पिलो (चित्रं हाताळणारी लायब्ररी) टाका, फोटो ‘इमेज डॉट ओपन’ने उघडा आणि ‘इमेजटीके’च्या ‘फोटोइमेज’मध्ये द्या. एरर नाही पण चौकट कोरी, असं झालं तर ते चित्र फंक्शनच्या आतल्या व्हेरिएबलमध्ये ठेवलेलं असतं. फंक्शन संपलं की पायथॉन ते टाकून देतो. लेबललाच ‘डॉट इमेज’ म्हणून बांधून ठेवा.

पिलोही ‘कॅनॉट आयडेंटिफाय’ म्हणत असेल तर फाइल ‘आरबी’ मोडमध्ये (जसेच्या तसे बाइट वाचण्यासाठी) उघडून पहिले १२ बाइट छापा. एफएफ-डी८ ने सुरुवात म्हणजे जेपीजी, ८९ आणि पुढे ‘पीएनजी’ म्हणजे पीएनजी, ‘रिफ’ आणि शेवटी ‘वेबपी’ म्हणजे वेबपी. पाचव्या बाइटपासून ‘एफटीवायपी’ दिसलं तर बहुधा कॅमेऱ्याचं हाइक (फोटोचा आणखी एक प्रकार). त्यासाठी ‘पिलो-हाइफ’ वेगळं टाकावं लागतं. सुरुवातीलाच ‘डॉकटाइप’ दिसलं तर तुम्ही चित्र नाही, वेबपान उतरवलंय.

प्रश्न : दहा-बारा फोटो लोड केले की अ‍ॅपच बंद पडतं.
– एक वाचक, लातूर

उत्तर : फाइल ३ एमबीची असली तरी ४००० × ३००० चा फोटो उघडल्यावर प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट धरून ४८ एमबी मेमरी खातो. बारा फोटो म्हणजे ५७६ एमबी. पिलोच्या ‘थंबनेल’ने लांब बाजू १२८० वर आणा, ती प्रत सेव्ह करा आणि खेळात तीच वापरा. ‘लोड’ची ओळ मुख्य लूपच्या (खेळ चालू असताना पुन्हापुन्हा फिरणारा कोड) बाहेर हवी, नाहीतर तेच चित्र सेकंदाला साठ वेळा उघडत बसेल. ‘कन्व्हर्ट’ (चित्र पडद्याच्या रूपात आणणं) मात्र ‘सेट-मोड’नंतरच (खेळाची खिडकी उघडणारी ओळ) करा, आधी केलंत तर वेगळीच एरर येईल.