एकच क्लास, शेवटपर्यंत: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: ‘बाल्डर्स गेट ३’ हा व्हिडिओ गेम विझार्ड (जादूगार) घेऊन सुरू करतो, तिसऱ्या लेव्हलपर्यंत कंटाळतो आणि पुन्हा नवा डाव मांडतो. बारा क्लासपैकी (पात्राच्या पेशांपैकी) एकच धरून शेवट गाठायचा आहे. कसा निवडू?

उत्तर: तुम्ही सोडताय ते खरी ताकद येण्याच्या नेमकं दोन लेव्हल आधी. तिसऱ्या लेव्हलच्या विझार्डकडे पहिल्या दर्जाचे चार आणि दुसऱ्या दर्जाचे दोन असे सहाच स्पेल स्लॉट (मंत्र टाकण्याच्या संधी) असतात. ते संपले की उरतो फायर बोल्ट हा कितीही वेळा टाकता येणारा साधा मंत्र: लागला तर १ ते १० नुकसान, नाही लागला तर पाळी फुकट. पाचव्या लेव्हलला हेच स्लॉट नऊ होतात, फायर बोल्टचे फासे एकाचे दोन होतात आणि फायरबॉल हाती येतो: सहा बाजूंचे आठ फासे, म्हणजे सरासरी २८ नुकसान, तेही वर्तुळात सापडलेल्या प्रत्येकाला (वेळेत चुकवणाऱ्याला निम्मं).

म्हणून क्लास ठरवताना बाराव्या लेव्हलची यादी वाचू नका. बारा ही कमाल लेव्हल आहे; तिथवर पोचता तेव्हा कथा शेवटाकडे आलेली असते. पाचव्या लेव्हलला साध्या, बिनमहत्त्वाच्या लढाईत आपली पाळी कशी जाईल, ते पाहा. तीच पाळी तुम्हाला शेकडो वेळा खेळायची आहे.

दुसरी गोष्ट, आणि आमच्या मते हीच सर्वांत महत्त्वाची: क्लासची ताकद कशाने भरून येते? विझार्डचे बहुतेक स्लॉट लाँग रेस्टनंतरच (रात्रभराच्या मुक्कामानंतरच) परततात, आणि नेहमीच्या डावात एका लाँग रेस्टला ४० कॅम्प सप्लाय (शिधा) लागतात. वॉरलॉककडे पाचव्या लेव्हलला दोनच स्लॉट, पण दोन्ही तिसऱ्या दर्जाचे आणि शॉर्ट रेस्टनंतर (थोड्या विश्रांतीनंतर) परतणारे. दोन लाँग रेस्टच्या मधे दोन शॉर्ट रेस्ट घेता येतात, म्हणजे तिसऱ्या दर्जाचे एकूण सहा स्पेल. विझार्डला तसे दोन मिळतात. आर्केन रिकव्हरी (काही स्लॉट मधेच परत मिळवण्याची सोय) वापरली तर तीन. फायटरचा अ‍ॅक्शन सर्जही, म्हणजे एका पाळीत जादा कृती, शॉर्ट रेस्टनंतर परततो. त्या पाळीत पाचव्या लेव्हलचा फायटर दोनऐवजी चार वार करतो. रोग (Rogue) या चोरट्या क्लासचा स्नीक अ‍ॅटॅक (बेसावध शत्रूवरचा जादा घाव) तर संपतच नाही.

आता स्वतःची सवय तपासा. ‘पुढे मोठा शत्रू असेल’ म्हणून स्पेल आणि औषधं राखून ठेवणाऱ्याने विझार्ड किंवा सॉर्सरर घेतला, तर तो अर्धा डाव फायर बोल्ट फेकत काढतो आणि क्लासलाच दोष देतो. अशांनी फायटर, रोग किंवा वॉरलॉक घ्यावा. ज्यांना प्रत्येक लढाईआधी आखणी करायला आवडते आणि जे विश्रांतीला कचरत नाहीत, त्यांना विझार्ड, क्लेरिक, ड्रुइड कंटाळा येऊ देत नाहीत.

तरीही मन ठरत नसेल तर डाव मोडू नका. विदर्स (कथेतलं एक पात्र) कँपवर आला की १०० सोन्याच्या नाण्यांत क्लास बदलून देतो, गुणांकांसकट. वंश मात्र तोच राहतो. एखाद्या मध्यम लढाईआधी सेव्ह करा, ती आताच्या क्लासने खेळा, सेव्ह परत उघडून दुसऱ्या क्लासने खेळा. जिंकलात की हरलात याला महत्त्व नाही. किती पाळ्यांत ‘आता काय करू?’ हा प्रश्न खरोखर पडला, ते मोजा. मुख्य पात्राला हात लावायचा नसेल तर विदर्सकडूनच १०० नाण्यांत त्या क्लासचा भाडोत्री साथीदार घ्या आणि चार-पाच लढाया चालवून पाहा.

प्रश्न: साथीदारांत शॅडोहार्ट क्लेरिक, अस्टेरियन रोग, गेल विझार्ड. मी यांच्यातलाच क्लास घेतला तर एक जागा वाया जाईल का?

उत्तर: नाही. साथीदारांचे क्लासही विदर्स बदलतो. पण एक काम दुसऱ्यावर सोपवणं अवघड आहे: बोलणं. संभाषणातला फासा बोलणाऱ्याच्या गुणांवर पडतो, आणि कथेतल्या मोठ्या प्रसंगांत बोलतो तो बहुधा तुमचाच नायक. बार्ड, सॉर्सरर, वॉरलॉक, पॅलाडिन यांचा करिष्मा मुळातच चांगला असतो. बाकी क्लास घेतलात तर करिष्मा ८ वर टाकू नका. जमल्यास १४ ठेवा आणि बॅकग्राउंड (पात्राची पूर्वपीठिका) निवडताना पर्स्वेजन (मन वळवण्याचं कौशल्य) मिळतंय का ते बघा. पॅलाडिन घेणाऱ्यांनी शपथ आधी नीट वाचावी. तिच्याविरुद्ध वागलात की ती मोडते, मग वागणं कितीही सोयीचं असो.

प्रश्न: मल्टिक्लास (एकाच पात्रात अनेक क्लासचं मिश्रण) केल्याशिवाय पात्र दुबळं राहतं, असं ऐकलं. खरं का?

उत्तर: अजिबात नाही. उलट, घाईने केलेलं मिश्रणच दुबळं पडतं. फायटरच्या चौथ्या लेव्हलनंतर दोन लेव्हल रोगला दिल्या, तर दुसरा वार पाचव्याऐवजी एकूण सातव्या लेव्हलला मिळतो. फीटसुद्धा (खास कौशल्य किंवा गुणवाढ) त्या-त्या क्लासच्या चौथ्या, आठव्या, बाराव्या लेव्हलला मिळतात; ११ आणि १ अशी विभागणी केली की शेवटचा फीट गेला. एक्सप्लोरर या सोप्या पातळीवर तर मल्टिक्लास करताच येत नाही.

खरा दुबळेपणा येतो गुणांक विखुरल्याने. ग्रेटसोर्ड घेतलेला पाचव्या लेव्हलचा फायटर धरा, समोरच्याचा आर्मर क्लास (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) १५. ताकद १९ असेल तर ६५ टक्के वार लागतात आणि लागलेला वार सरासरी ११ चा असतो. ताकद १४ असेल तर ५५ टक्के आणि ९. दोन्ही मिळून नुकसान सुमारे ३० टक्क्यांनी घटतं. मुख्य गुण सुरुवातीलाच १७ ठेवा आणि पहिला फीट त्यातच घाला.

प्रश्न: ‘एल्डन रिंग’ या दुसऱ्या गेममध्ये व्हॅगाबाँड (तलवारबाज) घेतला, आता जादू शिकावीशी वाटते. चुकलो का?

उत्तर: तिथे क्लास म्हणजे फक्त सुरुवातीचे आकडे आणि सामान, पुढे कोणीही काहीही शिकू शकतो. फरक लेव्हलींचा. व्हिगर (जीव) ४०, माइंड (जादूसाठीची शक्ती) २०, इंटेलिजन्स (जादूची धार) ५० हे लक्ष्य धरलं आणि बाकीचे गुण होते तसेच ठेवले, तर अ‍ॅस्ट्रॉलॉजर हा जादूगार क्लास ७६ व्या लेव्हलला तिथे पोचतो, व्हॅगाबाँड ८५ व्या. बदल्यात व्हॅगाबाँडकडे ताकद आणि चपळाई जास्त राहते, म्हणजे जादूबरोबर तलवार चालवणाऱ्याचे ते जास्तीचे गुण कामाला येतात. राया लुकारिया या अकादमीत रेनाला या राणीला हरवल्यावर लार्व्हल टियर ही वस्तू तिला देऊन गुण पुन्हा वाटता येतात, पण कुठलाही गुण मूळ क्लासच्या आकड्याखाली जात नाही. हे टियर मोजकेच मिळतात. तेव्हा नवे आकडे आधी कागदावर मांडा, मगच तिच्याकडे जा.