समभुज त्रिकोण समद्विभुज पण असतो का?

प्रश्न: नमस्कार सर, मुलगा सातवीत आहे. चाचणीत बाजू 5, 5, 5 सेंमी दिलेल्या आणि प्रकार विचारलेला, त्याने समभुज आणि समद्विभुज दोन्ही लिहिलं तर मार्क कापला. तो म्हणतो दोन बाजू सारख्या आहेतच ना मग चूक कशी. शिवाय 3, 4, 8 ला विषमभुज लिहिलं, तेही चूक दिलंय. काय सांगू त्याला? – एक आई, फोंडा

उत्तर: ताई, पहिल्या उत्तराबद्दल मी तुमच्या मुलाच्या बाजूने आहे. सगळं अडतं ते व्याख्येवर. युक्लिडने इसवी सनपूर्व 300 च्या सुमारास समद्विभुज म्हणजे ज्याच्या दोनच बाजू समान असं लिहिलं, त्या हिशोबाने समभुज त्यात बसत नाही. पण आज गणितात बहुतेक जण 'किमान दोन' असं धरतात आणि मला तेच पटतं, कारण समान बाजूंसमोरचे कोन समान असतात हे एकदा सिद्ध केलं की समभुजाचे तिन्ही कोन सारखे हे त्यातूनच निघतं, परत वेगळं डोकं लावायला नको. फक्त पेपरात प्रकार विचारला की सगळ्यात नेमकं नाव लिहायचं, म्हणजे इथे समभुज. त्याच्या पुस्तकात 'दोन' आहे की 'किमान दोन' ते बघा आणि बाईंना भेटून शांतपणे विचारा, मुलाने विचार करून लिहिलंय हे त्यांना कळायला हवं.

दुसरं मात्र खरंच चुकलंय. 3 आणि 4 मिळून 7, आणि समोर 8, म्हणजे टोकं जुळतच नाहीत, त्रिकोणच होत नाही तर प्रकार कसला! त्याला सांगा आधी तिन्ही बाजू लहान ते मोठी अशा लावून घे, लहान दोघींची बेरीज मोठीपेक्षा जास्त आहे का बघ, आणि मगच समान बाजू मोज. 7 आणि 7 आले तरी त्रिकोण नाही, बेरीज मोठ्या बाजूइतकीच आली तर सगळं एका रेषेत झोपतं.

हे वहीत सांगून डोक्यात बसत नाही, हाताने करू दे. माडाच्या झावळीचे हीर घ्या, सारख्या मापाचे 12 तुकडे कापा आणि न मोडता टोकाला टोक लावून सगळे वापरून किती वेगवेगळे त्रिकोण होतात ते त्याला शोधू दे. बरोब्बर तीन होतात, 4-4-4, 2-5-5 आणि 3-4-5, म्हणजे समभुज एक, समद्विभुज एक, विषमभुज एक! मला हे फार आवडतं. आधी उत्तर सांगू नका हं. 3-3-6 करायला जाईल तेव्हा ते आडवं पडलेलं त्याला स्वतःलाच दिसेल. मग दोन तुकडे काढून 10 वर करायला सांगा, तिथे 2-4-4 आणि 3-3-4 एवढे दोनच मिळतात, दोन्ही समद्विभुज, विषमभुज एकही नाही.