छावणी उठलीच नाही

चि. सई,

परवा गाडीत तू विचारलंस, "लश्कर म्हणजे सैन्याचा तळ ना? मग ग्वाल्हेरला आपण नुसते तळ ठोकून होतो? बाबा, आपलं गाव कुठलं?" मी गप्प बसलो. रागावलो नव्हतो गं, पण लागलं.

तळच होता तो, ग्वाल्हेरमधला आपला लश्कर भाग. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला छावणी टाकली. राहुट्यांच्या जागी वाडे उभे राहिले, नाव मात्र लश्करच राहिलं. 'शिंदे की छावनी' आजही आहे. कंपूही आहे. कंपू म्हणजे शिंद्यांच्या कवायती पलटणी. माझ्या लहानपणी टेंपोवाले ओरडायचे, "बाड़ा, बाड़ा, कंपू!" आपल्या 'वाड्या'चा हिंदीत बाडा झाला आणि आम्हीही 'बाड्यावर जाऊन येतो' म्हणू लागलो. आजी भाजीवाल्याशी हिंदीत भांडायची आणि हिशोब मराठीत पुटपुटायची.

शाळेत मी 'दक्षिणी'. सुट्टीत पुण्याला मोठ्या आत्याकडे गेलो आणि "केस कटवून आलो" म्हणालो, तर सगळी मुलं हसली. त्या दिवशी मी जेवलो नाही. तात्या सांगायचे, शिंद्यांचं कण्हेरखेड साताऱ्याकडचं, आपण त्याच्या आसपासचे. मीही तेच सांगत आलो. सातारा मी दोनदाच पाहिलाय, तोही बसमधून.

पण एक सकाळ तुला द्यावीशी वाटते. डिसेंबरात तानसेन समारोह सुरू व्हायचा, तेव्हा तात्या मला कानटोपी घालून समाधीपाशी न्यायचे. ढोलीबुवांची हरिकथा व्हायची आणि मग तिथेच मिलाद, म्हणजे पैगंबरांचं स्तुतिगान. तात्या दोन्हींना सारखीच मान डोलवायचे. मला थंडी वाजायची, त्यांच्या शालीत शिरून मी ऐकायचो. गाव म्हटलं की मला ती शाल आठवते. साताऱ्याचं असं काहीच आठवत नाही.

मग घरात मराठीच बोल असं मी तुला का टोकतो? आजी हिशोब पुटपुटायची ना, तो आवाज माझ्या कानातून जाऊ नये म्हणून असेल. हे कारण तुझ्यासाठी पुरेसं आहे का, मला खरंच कळत नाही. तुला कुणी गाव विचारलं तर इथलं सांग, ग्वाल्हेरचं सांग, मी मध्ये बोलणार नाही.

रविवारी आजीला फोन लावू. वाड्यातल्या चिंचेबद्दल विचार तिला, ती तासभर बोलेल. कंटाळा आला तर मला खूण कर.

तुझा
बाबा