अंबडच्या छोट्या कारखान्याला एडब्ल्यूएस, अझूर की गूगल क्लाउड?

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या तीसेक जणांच्या कारखान्याचा ईआरपी (खरेदी, साठा, हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) विंडोज आणि एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसवर चालत असेल आणि तो क्लाउडवर, म्हणजे भाड्याच्या सर्व्हरवर न्यायचा असेल, तर आधी अझूरचा, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडचा, हिशेब मांडा. लायसन्स सॉफ्टवेअर ॲश्युरन्ससह (मायक्रोसॉफ्टच्या जादा पैशांच्या करारासह) असेल तर हायब्रिड बेनिफिट या सवलतीखाली तेच तिकडे वापरता येतं, बिल बरंच उतरतं. शिवाय अझूरचं सेंट्रल इंडिया रीजन (सर्व्हर ठेवलेलं ठिकाण) पुण्यातच आहे. सगळं लिनक्सवर असेल तर एडब्ल्यूएसचं, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडचं, मुंबई रीजन घ्या. गूगल डेटा विश्लेषणाला उत्तम, पण नुसत्या ईआरपीसाठी त्याचा हट्ट कशाला?

सुरक्षेत तिघेही तुल्यबळ; भोकं पाडतो ती आपणच. नेहमीचं भोक म्हणजे रिमोट डेस्कटॉपचा (दुरून सर्व्हर चालवायच्या सोयीचा) ३३८९ पोर्ट, म्हणजे आत यायचं दार, जगाला उघडा ठेवणं. डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारं रॅन्समवेअर बऱ्याचदा तिथूनच शिरतं. तो बंद करून व्हीपीएन (फक्त आपल्या माणसांसाठीची सुरक्षित वाट) लावा, मुख्य ॲडमिन खात्याला एमएफए (पासवर्डशिवाय आणखी एक पडताळणी) लावा. बॅकअप वेगळ्या खात्यात ठेवा, आणि निदान ३० दिवस ॲडमिनलाही पुसता येणार नाही असा लॉक लावून.

प्रायव्हेट लिमिटेड असाल तर कंपनी लेखा नियमांच्या २०२२च्या दुरुस्तीनुसार हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप रोज भारतातल्याच सर्व्हरवर लागतो. परदेशी रीजन स्वस्त दिसलं तरी तेवढ्यावर भागत नाही.

आणि हो, क्लाउडच्या बिलावर लावलेला बजेट अलर्ट फक्त कळवतो, खर्च आपोआप थांबवत नाही.