डिसेंबरात मधपेटी रिकामी, थंडीमुळे का?

प्रश्न : आमच्या कुळागरात सातेरीच्या (पेटीत पाळतात त्या देशी मधमाशीच्या) दोन पेट्या आहेत. चवथीला दोन्ही भरलेल्या होत्या, मग कामात बघणं राहिलंच, आणि परवा उघडलं तर एकीत माश्याच नाहीत. तळाला दहा-पंधरा मेलेल्या, मध टिपूसभर नाही, एका पोळ्यावर जाळी आणि काही घरांत अळ्या मरून उभ्या. थंड देशांत हिवाळ्यात माश्या मरतात असं वाचलंय, तेच झालं का? पेटी धुऊन नवीन वसाहत घालू?
– एक वाचक, सत्तरी

उत्तर : आधी हात जोडून सांगतो, पेटी धुऊ नका, धुतलीत की पुरावा गेला.

थंडीचं हे काम नाही. युरोपात बाहेर बर्फ, महिनोन् महिने फूल नाही, माश्या एकमेकींना बिलगून साठवलेल्या मधावर दिवस काढतात आणि मध संपला किंवा व्हरोआ माइटने (माश्यांच्या अंगावर जगणाऱ्या बारीक किडीने) आधीच खंगलेल्या असल्या की वसाहत मरते, उपाशी मेलेल्या माश्या तर घरांत डोकं खुपसलेल्या सापडतात. आपल्याकडे पहाटे जरा गारवा, बस. आपले उपाशी दिवस पावसाळ्यातले.

तुमच्या पेटीत मेलेल्या माश्या जवळजवळ नाहीत, म्हणजे त्या निघून गेल्या. त्रास झाला की सातेरी घर सोडते. फवारणी बाधली असती तर दाराशी ढीग दिसला असता, काजूच्या मोहोरावर ढेकण्या या किडीसाठी औषध मारतात तेव्हा होतं तसं. जाळी मेणकिड्याची, पण तो बहुतेक मागून आला, भरल्या पेटीत माश्या त्याला टिकू देत नाहीत.

मला काळजी त्या उभ्या अळ्यांची वाटते. चिमट्याने एक हळूच ओढून बघा. पाणी भरलेल्या पिशवीसारखी अख्खी आली, किंवा वाळून होडीसारखी खपली झालीय आणि सहज सुटली, तर थाई सॅक ब्रूड या अळ्यांच्या रोगाचा संशय घ्या. काडी घातल्यावर चिकट तार निघाली किंवा आंबूस वास आला तर दुखणं बॅक्टेरियाचं. सॅक ब्रूड विषाणूचा, 1991-92 पासून दक्षिणेत सातेरीच्या असंख्य वसाहती त्यानेच गेल्या. औषध नाही, कोणी अँटिबायोटिक सुचवलं तरी विषाणूवर ते चालत नाही, उगाच मधात उतरेल. खात्री करायचीय तर पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्थेला आधी विचारा आणि पोळ्याचा तुकडा कागदात गुंडाळून पाठवा, प्लास्टिकमध्ये नको, बुरशी धरते.

तुकडा काढून झाला की उरलेली पोळी वितळवा, पेटी आतून ज्योतीने शेकवा, उन्हात ठेवा. नवीन वसाहत घाईने नको, घ्याल तेव्हा आजूबाजूला रोग येऊनही टिकलेल्या पेटीची विभागणी करून घ्या.

आणि दुसरी पेटी उद्याच बघा! उन्हं आल्यावर उघडा, पहिलीतली एकही चौकट तिच्यात घालू नका, पिलावा (अंडी, अळ्या, कोष) तपासा, मध कमी असेल तर संध्याकाळी साखरेचा पाक द्या. तशाच अळ्या दिसल्या तर राणीला दोनेक आठवडे पिंजऱ्यात ठेवा, नवीन अळीच नसली की विषाणूला वाढायला जागा उरत नाही आणि तेवढ्यात माश्या जुनी घरं साफ करून घेतात.