डीहायड्रो म्हणजे निर्जल का?

प्रश्न असा आहे की डीहायड्रोॲस्कॉर्बिक ॲसिडला, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या हायड्रोजन गमावलेल्या रूपाला, मराठीत 'निर्जल क जीवनसत्त्व' म्हणावं का, कारण डीहायड्रेशनला आपण निर्जलीकरण म्हणतोच. माझ्या मते अजिबात म्हणू नये, कारण अर्थच बदलतो.

'हायड्रो' हा तुकडा दोन अर्थांनी येतो. डीहायड्रेशन, हायड्रोपोनिक्स यात तो पाणी, पण रसायनांच्या नावात बहुतेक वेळा तो हायड्रोजन असतो. आपल्या कातडीत उन्हामुळे ज्याचं ड जीवनसत्त्व होतं ते ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल घ्या, तिथेही पाण्याचा काही संबंध नाही, कोलेस्टेरॉलपेक्षा दोन हायड्रोजन कमी एवढंच.

इथे हिशोब करूनच बघा ना. ॲस्कॉर्बिक ॲसिड म्हणजे साधं क जीवनसत्त्व, त्यात ६ कार्बन, ८ हायड्रोजन, ६ ऑक्सिजन. पाणी काढलं असतं तर ऑक्सिजन ५ उरले असते, पण डीहायड्रोॲस्कॉर्बिकमध्ये ते ६ च आहेत, फक्त हायड्रोजन ८ चे ६ झालेत. म्हणजे हे ऑक्सिडीकरण आहे, शाळेच्या पुस्तकातलं, हायड्रोजन गेला की ऑक्सिडीकरण, आला की क्षपण. गंमत म्हणजे पाणी येतं ते पुढच्या पायरीला, आणि तेही आत येतं, बाहेर जात नाही! डीहायड्रोॲस्कॉर्बिकच्या कड्यात पाणी शिरलं की कडं उघडतं आणि डायकीटोग्युलोनिक ॲसिड होतं, आणि तिथून शरीराला मागे फिरता येत नाही, जीवनसत्त्व गेलंच, त्याचा काही भाग ऑक्झॅलेट होऊन लघवीवाटे जातो. शरीराच्या तापमानाला हे काही मिनिटांतच व्हायला लागतं. मग 'निर्जल' म्हणणं किती उलटं होईल बघा.

तसं तर नावातलं 'ॲसिड'ही फारसं खरं नाही. ॲस्कॉर्बिकचा आंबटपणा ज्या दोन ओएच गटांमुळे (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्यांमुळे) असतो नेमके त्यांचेच हायड्रोजन गेलेले असतात, त्यामुळे हा रेणू आम्लासारखा वागत नाही, त्याच्यावर विद्युतभार नसतो. आणि मला यातलं सगळ्यात आवडतं ते पुढे आहे. भारित ॲस्कॉर्बेटला पेशीत शिरायला सोडियमच्या जोरावर चालणारे खास वाहक लागतात, पण हा भार नसलेला भाऊ ग्लुकोजच्या वाहकांमधून, म्हणजे ग्लूट-१, ग्लूट-३ मधून आत जातो. आत गेला की पेशीतला ग्लुटाथायोन नावाचा छोटा रेणू त्याला हायड्रोजन परत देतो आणि पुन्हा ॲस्कॉर्बिक तयार. माणसाच्या लाल पेशींवर ग्लूट-१ भरपूर असतं, त्या रक्तातलं डीहायड्रोॲस्कॉर्बिक उचलून दुरुस्त करत राहतात, आणि आपल्याला ते लागतंच कारण क जीवनसत्त्व बनवणारं शेवटचं एन्झाइम आपल्याकडे बंद पडलेलं आहे, उंदरांकडे ते चालू आहे. म्हणून खाण्यातून आलेलं डीहायड्रोॲस्कॉर्बिकसुद्धा स्कर्व्हीवर (क जीवनसत्त्वाच्या अभावाच्या आजारावर) चालतं, ते वाया गेलेलं जीवनसत्त्व नाही. कॉलेजात निळा डाय टाकून लिंबूरसाचं टायट्रेशन (थेंब थेंब टाकून मोजणं) करतात ना, ते मात्र फक्त ॲस्कॉर्बिक मोजतं, डीहायड्रोॲस्कॉर्बिक त्यात धरलंच जात नाही, म्हणून जुन्या चिरलेल्या भाजीचा आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतो.

आता लिहायचं कसं? मजकूर सर्वसाधारण वाचकांसाठी असेल तर 'क जीवनसत्त्वाचं ऑक्सिडीकृत रूप' लिहा, लांब आहे पण चुकीचं नाही. नाव द्यायचंच असेल तर डीहायड्रो, दीर्घ डी. देवनागरीत ऱ्हस्व 'डिहायड्रो' लिहिलं की ते डी आहे का डाय हे कळत नाही, आणि डायहायड्रो म्हणजे बरोबर उलट, दोन हायड्रोजन जोडलेलं. फॉलिक ॲसिडच्या बाबतीत डायहायड्रोफोलेट हा शब्द येतो, तिथे हायड्रोजन वाढलेले असतात. एका अक्षरावर क्षपण का ऑक्सिडीकरण ते ठरतंय, तेव्हा ते अक्षर नीट लिहायला हवं.

आणि डीहायड्रोॲस्कॉर्बिकसाठी 'डीएचए' असा शॉर्टफॉर्म मराठी लेखात तरी टाळा. लहान मुलांच्या दूध पावडरच्या डब्यावर जे डीएचए असतं ते डोकोसाहेक्झिनॉइक ॲसिड, माशाच्या तेलातलं ओमेगा-३, त्याचा क जीवनसत्त्वाशी काही संबंध नाही.