जनुकांचे 'नियंत्रण' की 'नियमन'?

'विकसनशील भ्रूणातील जनुकांचे नियंत्रण आता थेट प्रक्षेपणाने अभ्यासता येते' हे वाक्य बरोबर आहे का, असा प्रश्न आला आहे. बरोबर नाही. 'विकसनशील' देश असतात, भ्रूण 'विकसित होणारा' असतो. 'थेट प्रक्षेपण' सामन्याचे होते, आणि मूळ इंग्रजी 'लाइव्ह इमेजिंग'मधला 'लाइव्ह' शब्द भ्रूण जिवंत असल्याचे सांगतो, म्हणून 'जिवंत भ्रूणाचे चित्रण' असे सरळ म्हणावे.

खरी खटकणारी चूक 'नियंत्रण' ही आहे आणि ती जाणकारांच्या लेखनातही सतत आढळते. पुराचे, गर्दीचे, रोगाचे नियंत्रण होते, कारण तेथे आवरणे एवढाच हेतू असतो. जनुकाला मात्र आवरले जाते तसे जागेही केले जाते, म्हणून तेथे 'नियमन' म्हणावे.

दोन्ही शब्द मुळात 'यम्' या एकाच धातूचे आहेत, असे माझे ठाम मत आहे. 'यम्'ला साधनवाचक 'त्र' लागून 'यन्त्र', म्हणजे आवळून धरण्याचे साधन, आणि त्यावरून 'नियंत्रण'. धातुपाठ, म्हणजे संस्कृत धातूंची पारंपरिक यादी, यासाठी 'यत्रि' असा निराळा धातू मानतो आणि त्याचा अर्थ 'संकोच' देतो. पण तयार नामावरून मागाहून कल्पिलेला धातू मूळ म्हणून स्वीकारणे मला मुळीच पटत नाही. 'यम्'चा 'उपरम', म्हणजे थांबणे, हा तेथला अर्थही अपुरा आहे, कारण 'आयाम' आणि 'व्यायाम' हे ताणण्या-पसरण्याचे शब्द त्याच धातूतून आले आहेत. संस्कृतात 'यन्ता' म्हणजे सारथी. तो लगाम खेचतो आणि सैलही सोडतो. 'यन्त्र'मध्ये आवळणे तेवढे उरले, तर 'नियमन'मध्ये सारथ्याचे दोन्ही हात शाबूत राहिले, असे मी मानतो.

फळमाशीच्या भ्रूणात हे दोन्ही हात दिसतात. 'ईव्हन-स्किप्ड' हे जनुक सात पट्ट्यांत जागे होते. त्यांतला दुसरा पट्टा बायकॉइड आणि हंचबॅक ही प्रथिने चेतवतात, तर जायंट आणि क्रुपेल ही प्रथिने त्याच्या दोन्ही कडा रोखून धरतात. मारलेल्या भ्रूणाच्या चित्रात नुसता पट्टा दिसतो. २०१३ मध्ये संशोधकांनी हंचबॅक जनुकाच्या नियामक भागाला एमएस-२ विषाणूच्या आरएनएतील वेटोळ्यांचा क्रम जोडला. त्या वेटोळ्यांना चिकटणाऱ्या प्रथिनाला हिरवे चमकणारे प्रथिन जोडलेले असल्याने, आरएनए, म्हणजे जनुकाची नक्कल, तयार होऊ लागताच जिवंत भ्रूणाच्या केंद्रकात एक ठिपका उजळू लागला. अशा चित्रणांत अनेक जनुकांचा ठिपका एकसारखा तेवत नाही. तो उसळतो, मंदावतो, विझतो आणि पुन्हा उसळतो. पुढे २०१६ मध्ये असेही दिसले की जोरकस वर्धक, म्हणजे जनुकाला चेतवणारा डीएनएचा तुकडा, या उसळ्या अधिक वेळा घडवतो. म्हणून जनुक 'चालू' किंवा 'बंद' होते, हा दिव्याच्या बटणावरून आलेला वाक्प्रयोगही मला तोकडा वाटतो. या उसळ्यांचे वर्णन करताना 'नियमन' हाच शब्द वापरावा.